शिदोरी, कपाट आणि आपले खरे धन



पारनेर तालुक्यातील सुपा हे अहिल्यानगर-पुणे महामार्गावरील गाव. हा तालुका अवर्षणप्रवण. येथील अनेक घरांचा चरितार्थ एकेकाळी पावसावर अवलंबून असे. आज औद्योगिक वसाहतीमुळे तो कारखान्याच्या पाळीवरही अवलंबून आहे. अशा घरातील सकाळ डोळ्यांपुढे आणा. फज्रची नमाज आटोपते न आटोपते तोच चूल पेटते. कंपनीची बस चुकू नये म्हणून हाताला लागेल ते डब्यात भरले जाते. तिकडे कपाटाचे दार उघडताच चार कपडे अंगावर कोसळतात आणि हवा असलेला सदरा मात्र सापडत नाही. घरात थोडी बोलाचाली होते. माणूस सलामही न करता बाहेर पडतो. संध्याकाळी डबा अर्धा भरलेलाच परत येतो आणि उरलेले अन्न टाकून द्यावे लागते.

हे चित्र केवळ सुप्याचे नाही. ते चाकणचे आहे, वाळूजचे आहे आणि कदाचित आपल्याही घरचे आहे. डबा आणि कपाट यांचा दीनशी काय संबंध, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर एका हदीसमध्ये आहे. तीच आजच्या पाठाचा आधार आहे.

पाठाचा आधार

सहीह मुस्लिममध्ये हे कथन आले आहे. प्रेषित मुहम्मद (स.) सूरह अत्-तकासुरचे पठण करीत होते. अधिकाधिक मिळविण्याच्या हव्यासाने माणसाला कबरीपर्यंत गाफील ठेवले, असा त्या सूरहचा विषय आहे. त्या प्रसंगी प्रेषितांनी सांगितले की, माणूस ‘माझे धन, माझे धन’ म्हणत राहतो. परंतु त्याचे म्हणावे असे धन तीनच प्रकारचे असते. एक, जे त्याने खाऊन संपविले. दुसरे, जे त्याने नेसून झिजविले. तिसरे, जे त्याने सदका देऊन आपल्यापुढे आखिरतकडे रवाना केले.

आता या कसोटीवर आपले घर तपासा. डब्यातून परत येऊन कचऱ्यात गेलेली भाकरी कोणत्या प्रकारात बसते? ती खाल्ली गेली नाही आणि कोणाला दिलीही गेली नाही. कपाटाच्या तळाशी तीन ईदांपासून घडी न मोडलेला पोशाख कोणत्या प्रकारात बसतो? तो झिजला नाही आणि दानही झाला नाही. त्यासाठी घाम गाळला, वेळ दिला, प्रसंगी हप्तेही फेडले. तरीही तो आपला झाला नाही. सुखवस्तू घरालाही हे नुकसान परवडणारे नाही, मग एका पगारावर चालणाऱ्या घराची गोष्ट दूरच.

शिदोरी : भरवशाच्या विरुद्ध नव्हे

‘अल्लाह देणारा आहे, पोटाची चिंता कशाला?’ असे म्हणून काही जण निष्काळजीपणालाच तवक्कुल समजतात. ह. इब्ने अब्बास (रजि.) यांच्या कथनानुसार यमनमधील काही लोक हजसाठी शिदोरी न घेताच निघत आणि स्वतःला अल्लाहवर भरवसा ठेवणारे म्हणवीत. मक्केत पोहोचल्यावर मात्र ते लोकांपुढे हात पसरीत. सूरह अल-बकराच्या 197 व्या आयतीत यात्रेसाठी शिदोरी घेण्याचा आदेश आहे आणि तकवा हीच सर्वोत्तम शिदोरी असल्याची जाणीवही त्याच आयतीत दिली आहे. म्हणजे भाकरीची शिदोरी घेणे हे तकवाला सोडून नाही. कोणापुढे हात पसरावा लागू नये म्हणून घरून डबा नेणारा कामगार आपली अब्रू जपत असतो.

प्रेषितत्वापूर्वी हिरा गुहेत एकांतासाठी जाताना प्रेषित (स.) सोबत शिदोरी नेत आणि ती संपली की ह. खदीजा (रजि.) यांच्याकडे येऊन पुन्हा घेऊन जात, असे सहीह बुखारीत आहे. हिजरतच्या वेळी, इ.स. 622 मध्ये, ह. अबू बक्र (रजि.) यांच्या घरी प्रवासाची शिदोरी तयार झाली, तेव्हा ती बांधायला काहीच सापडेना. त्यांची कन्या ह. अस्मा (रजि.) यांनी वडिलांच्या सांगण्यावरून आपला कमरपट्टा फाडून त्याचे दोन भाग केले. एकाने अन्नाची थैली बांधली आणि दुसऱ्याने पाण्याच्या पखालीचे तोंड. त्यावरून त्या ‘दोन कमरपट्ट्यांच्या’ म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या.

भगिनींनो, इस्लामच्या इतिहासातील एवढ्या मोठ्या घटनेत एका मुलीने बांधलेल्या डब्याला मानाचे स्थान आहे. तेव्हा पहाटे उठून भाकरी थापण्याच्या कामाला क्षुल्लक समजू नका. हलाल कमाईसाठी निघालेल्या माणसाची शिदोरी अल्लाहच्या प्रसन्नतेच्या हेतूने बांधली, तर ते काम नेकी ठरते. आणि बंधूंनो, ह. आयेशा (रजि.) यांनी सांगितले आहे की, प्रेषित (स.) घरी असताना घरच्यांच्या कामात हातभार लावीत आणि नमाजची वेळ होताच निघत. त्या आदर्शाचे स्मरण ठेवून संध्याकाळी स्वतःचा डबा स्वतः विसळून ठेवणे ही काही अवघड गोष्ट नाही.

डबा कसा असावा?

पहिली गोष्ट वेळेची. 1948 च्या कारखाने कायद्याने कामगाराकडून सलग पाच तासांहून अधिक काम घेण्यापूर्वी किमान अर्ध्या तासाची सुट्टी देणे बंधनकारक केले. त्या अर्ध्या तासात हात धुणे, जेवण, वजू आणि जुहरची नमाज हे सारे बसवायचे असते. म्हणून डबा सुटसुटीत हवा. भाकरी-चपातीबरोबर सुके कालवण किंवा शेंगदाण्याची चटणी सांडत नाही आणि लवकर खाऊन होते. मधल्या वेळेसाठी भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, गूळ, दोन खजूर किंवा उकडलेले अंडे पुरेसे असते. हे रात्रीच काढून ठेवावे. उन्हाळ्यात गरम भाजी वाफेसह डब्यात कोंडू नये. ती दुपारपर्यंत आंबते.

दुसरी गोष्ट हलालची. प्रेषितांनी शिकविले आहे की, हलाल स्पष्ट आहे, हराम स्पष्ट आहे आणि या दोहोंच्या मध्ये काही संशयास्पद गोष्टी आहेत. ज्याने त्या टाळल्या त्याने आपला दीन आणि आपली अब्रू वाचविली. घरचा डबा या संशयातून माणसाला सोडवितो. मात्र ज्या पगारातून त्या डब्याचे पीठ आले, तो पगार कामचुकारपणा न करता मिळविलेला असावा, हेही त्यात आलेच.

तिसरी गोष्ट मात्रेची. किती भूक लागते, हे डबा भरणाऱ्यास खाणाऱ्याने मोकळेपणाने सांगावे. संकोचाने चार भाकऱ्या नेऊन दोन परत आणण्यापेक्षा तीन नेऊन तिन्ही खाव्यात. खा, प्या, पण अतिरेक करू नका, हा सूरह अल-आराफच्या 31 व्या आयतीचा आदेश घरोघरी ठाऊक आहे. त्याचे पालन कणकेच्या परातीपासून सुरू होते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालानुसार 2022 मध्ये जगात सुमारे 105 कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातील जवळजवळ 60 टक्के घराघरांतून वाया गेले. म्हणजे हा दोष केवळ हॉटेलांचा व लग्नमंडपांचा नाही.

चौथी गोष्ट सोबत्याची. सूरह अन्-निसाच्या 36 व्या आयतीत आई-वडील, नातलग, अनाथ, गरजू आणि शेजारी यांच्याबरोबर ‘बाजूला असणाऱ्या सोबत्या’शीही चांगले वागण्याचा आदेश आहे. आपल्या शेजारच्या यंत्रावर काम करणारा हाच तो सोबती. तो कोणत्या धर्माचा, कोणत्या प्रांताचा, हे आयतीने विचारलेले नाही. दूरच्या राज्यातून आलेला, खोलीवर चूल नसलेला एखादा कंत्राटी मुलगा जेवणाच्या सुट्टीत पाणी पिऊन बाजूला बसत असेल, तर ते आपल्या लक्षात येते का? दोघांचे जेवण तिघांना पुरते, अशी प्रेषितांची शिकवण आहे. एक जादा भाकरी त्याच्या नावाने बांधा. तो शाकाहारी असेल तर चटणी-भाकरी पुढे करा आणि त्याचा उपवास असेल तर आग्रह करू नका. त्याची लाज राखून दिलेली भाकरी तिसऱ्या प्रकारच्या धनात जमा होते.

एक लहानशी सूचना. आपल्या भागात भाकरीबरोबर कच्चा कांदा हवाच असतो. परंतु कच्चा कांदा-लसूण खाऊन मशिदीत येऊ नये, असे प्रेषितांनी सांगितले आहे. जुमाच्या दिवशी डब्यातला कांदा घरीच राहू द्यावा.

कपाट : झिजविणे हाही आशीर्वाद

आता कपाटाकडे वळू. सहीह बुखारीतील एक कथन मन प्रसन्न करणारे आहे. प्रेषितांकडे काही कपडे आले होते. त्यांत नक्षीचे एक लहान काळे वस्त्र होते. त्यांनी उम्मे खालिद (रजि.) या लहान मुलीला बोलावून घेतले, आपल्या हाताने ते तिच्या अंगावर घातले आणि तू हे वापरून जुने करावेस, झिजवावेस, असा आशीर्वाद दिला. नवे वस्त्र जपून ठेव, असे ते म्हणाले नाहीत. वस्त्राचे भाग्य झिजण्यात आहे, हे या आशीर्वादातून कळते. आपल्या आजी-पणजीला ते ठाऊक होते. त्यांचे लुगडे विटले की त्याची गोधडी होई आणि गोधडी विरली की पायपुसणे होई.

लग्नातला जरीचा जोडा मात्र एकदा नेसून कायमचा पेटीत जातो. ह. आयेशा (रजि.) यांच्याजवळ पाच दिरहम किमतीचा एक पोशाख होता. मदिनेत कोणाची मुलगी नवरी म्हणून सजवायची असली की तो पोशाख त्यांच्याकडून मागून नेला जाई, असे त्यांनीच सांगितले आहे. आपल्या मोहल्ल्यात एखादा बाप मुलीच्या जोड्यासाठी कर्ज काढीत असताना तसलाच जोडा आपल्या कपाटात डांबराच्या गोळ्यांत पडून असेल, तर सूरह अल-माऊन पुन्हा एकदा अर्थासह वाचा. नित्य वापराच्या साध्या वस्तूही इतरांना न देणाऱ्यांचा तेथे निषेध आहे.

कपाट आवरताना कपड्यांचे चार ढीग करा.

पहिला, जे आपण खरोखर वापरतो. हे हाताशी, घडी करून ठेवा. पाळीचे कपडे एका ठिकाणी असले की सकाळची बोलाचाली टळते. जुमाचे कपडे गुरुवारीच काढून ठेवा.

दुसरा, जे देण्याजोगे आहे. येथे सूरह अल-बकराची 267 वी आयत लक्षात असू द्या. जे आपल्याला कोणी दिले तर आपण डोळे मिटल्याशिवाय घेणार नाही, असे निकृष्ट दान निवडून देऊ नका, असा तिचा आशय आहे. म्हणून कपडा धुवा, तुटलेले बटण लावा, घडी करा आणि मग द्या. थंडीचे कपडे थंडी सुरू होण्यापूर्वी द्या.

तिसरा, जे देण्याच्या पलीकडे गेले आहे. त्याची गोधडी, पिशवी, पुसणी करा. गरिबाच्या दारात चिंध्या टाकून मनाचे समाधान करून घेऊ नका.

चौथा ढीग लहान असतो, पण सर्वांत जड. शेजारणीची शाल, भावाचे पुस्तक, कोणीतरी ठेवायला दिलेले पाकीट. या अमानती आहेत. अमानती त्यांच्या मालकांना पोहोचत्या करा, असा सूरह अन्-निसाच्या 58 व्या आयतीचा आदेश आहे. त्या आजच पोहोचत्या करा.

कपाटातील एक वही

शेवटची गोष्ट कपड्यांची नाही. महामार्गावरून रोज ये-जा करणारा माणूस संध्याकाळी घरी परतेलच, याची हमी कोणीही देऊ शकत नाही. आपण कोणाचे किती देणे लागतो, पत्नीचा महर दिला की बाकी आहे, विम्याचे आणि घराचे कागद कोठे आहेत, हे घरात किती जणांना माहीत आहे? ज्याच्याकडे वसीयत करण्याजोगे काही आहे, त्याने ती लिहून ठेवल्याशिवाय दोन रात्रीही घालवू नयेत, अशी प्रेषितांची ताकीद आहे. कर्ज लिहून ठेवण्याचा आदेश सूरह अल-बकराच्या 282 व्या आयतीत आहे. एका मय्यतवर कर्ज होते, तेव्हा प्रेषितांनी स्वतः जनाजाची नमाज पढविण्याचे थांबविले, ह. अबू कतादा (रजि.) यांनी ते कर्ज आपल्यावर घेतल्यानंतरच ती पढविली. म्हणून कपाटाच्या एका कप्प्यात एक वही ठेवा आणि ती कोठे आहे, हे पत्नीला व जाणत्या मुलांना सांगून ठेवा.

ह. अबू बक्र (रजि.) यांची शेवटची वेळ जवळ आली, तेव्हा त्यांच्या अंगावर डाग पडलेले एक जुने वस्त्र होते. हेच धुऊन घ्या, त्यात आणखी दोन कपडे घाला आणि त्यातच मला कफन द्या, असे त्यांनी ह. आयेशा (रजि.) यांना सांगितले. हे तर जुने झाले आहे, असे कन्येने म्हटल्यावर, नव्या वस्त्रावर मृतापेक्षा जिवंत माणसाचा हक्क अधिक आहे, असे त्यांनी उत्तर दिले. ज्या घरात मुलीने कमरपट्टा फाडून शिदोरी बांधली, त्याच घरातल्या बापाने जगाचा निरोप घेताना नवे कापड जिवंतांसाठी मागे ठेवले.

या आठवड्यात

रविवारी इशानंतर घरातील सर्वांनी एकत्र बसून तीन प्रश्नांची उत्तरे शोधावीत. या आठवड्यात आपल्या घरातून किती अन्न टाकले गेले आणि का? कपाटातील कोणती वस्तू वर्षभर वापरली नाही आणि तिची आज कोणाला गरज आहे? आपल्याकडे कोणाची अमानत राहिली आहे? उत्तरे मुलांना द्यायला सांगा. मुलांना घरातले बरेच काही दिसत असते.

अल्लाह आपल्या शिदोरीत बरकत देवो, आपले कपडे आज्ञापालनात झिजोत आणि आपल्या हातून जे पुढे पाठविले जाईल ते त्याच्या दरबारी कबूल होवो. आमीन.