परसबागेतील बहुवर्षायू कांदा

आपला नेहमीचा कांदा हे दोन हंगामांचे पीक आहे. पहिल्या हंगामात गड्डा पोसतो. तो पुन्हा लावला की फुलांचे दांडे येतात आणि मग बी धरते. हे बी वर्षभरातच उगवणशक्ती गमावू लागते. त्यामुळे घरामागे दोन वाफ्यांची जागा असलेल्या कुटुंबाला बी किंवा रोप दरवर्षी विकतच आणावे लागते. या खरेदीतून सुटका करणारे कांदेही आहेत. आपल्याकडे त्यांची पुरेशी दखल घेतली जात नाही, एवढेच.

तमिळनाडूतील घरोघरचा लहान कांदा, म्हणजे आपण ज्याला सांबार कांदा म्हणतो, तो त्यांपैकी एक. मुंबईत माटुंग्याच्या बाजारात तो सहज मिळतो. त्याची वाढ लसणाची आठवण करून देते : एक गड्डा लावला की त्याच्या जागी चार-सहा गड्ड्यांचा झुबका तयार होतो. पावसाळा ओसरल्यावर निचऱ्याच्या भुसभुशीत मातीत दहा-पंधरा सेंटिमीटर अंतरावर, शेंडा वर ठेवून गड्डे लावावेत. सुमारे अडीच-तीन महिन्यांत पात पिवळी होते आणि माना पडतात. तेव्हा पाणी तोडावे, काढणी करून झुबके पातीसह सावलीत सुकवावेत.

खरी कसोटी पुढे असते. चांगले कांदे स्वयंपाकाला आणि उरलेसुरले लागवडीला, ही सवय येथे घातक ठरते. कारण गड्ड्याबरोबर त्यातील रोगही पुढच्या पिकात उतरतो. टणक, निरोगी, मध्यम आकाराचे गड्डे आधी बेण्यासाठी वेगळे काढावेत, मगच टोपली स्वयंपाकघरात न्यावी. पुढची लागवडही वाफा बदलूनच करावी.

दुसरा प्रकार चीन-जपानमधील पातीचा कांदा. इंग्रजीत त्याला ‘वेल्श’ म्हणतात, पण वेल्स प्रांताशी त्याचा काही संबंध नाही. तो गड्डा धरत नाही; बेट वाढवतो. पात कापत राहावी, बेट दाटले की फोडून लावावे.

सांबार कांद्याचे बेणे पावसाळ्यातून पार नेणे मात्र अवघड. दमट हवेत ते सडते किंवा त्याला कोंब फुटतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत न कोंडता जुड्या बांधून वाऱ्याच्या जागी टांगाव्यात, दर आठवड्याला चाचपून मऊ पडलेले गड्डे काढून टाकावेत. कोंब आलेले गड्डे फेकू नयेत. कुंडीत खोचले की त्यांची पात महिनाभरात भाजीला येते.