गॅरेजमध्ये हात पुष्कळ, निदान करणारे थोडे

चांगला मेकॅनिक मिळत नाही, अशी तक्रार आज गॅरेजमालक आणि गाडीमालक दोघेही करतात. वास्तविक तुटवडा हातांचा नाही. नट-बोल्ट खोलणारे आणि पार्ट बदलणारे पुष्कळ आहेत. बिघाड नेमका कोठे आहे, हे तपासून सांगणारा कारागीर मात्र दुर्मिळ झाला आहे.

याचे कारण गाडीच्या बदललेल्या रचनेत आहे. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० ला कार्बुरेटर होता. इंजिनचा आवाज ऐकून, स्क्रू थोडा फिरवून उस्ताद गाडी 'लायनीवर' आणत असे. शागीर्द शेजारी उभा राहून तेच शिकत असे. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज ६ चे नियम लागू झाले आणि नव्या दुचाकींमधूनही कार्बुरेटर जवळजवळ हद्दपार झाला. आता इंजिनचे तापमान, आत येणारी हवा आणि धुरातील ऑक्सिजन सेन्सर मोजतात. त्यावरून किती पेट्रोल सोडायचे, हे संगणक ठरवतो. येथे केवळ कानावर भागत नाही.

एक उदाहरण घेऊ. स्कॅनर जोडल्यावर 'पी ०१७१' हा कोड दिसला. त्याचा अर्थ एवढाच की, मिश्रणात हवेच्या मानाने पेट्रोल कमी आहे. अर्धवट शिकलेला मेकॅनिक लगेच महागडा ऑक्सिजन सेन्सर बदलतो. ग्राहकाचे पैसे जातात आणि चार दिवसांनी दिवा पुन्हा पेटतो. जाणकार कारागीर आधी हवेच्या रबरी नळीला चीर आहे का ते पाहतो, हवा मोजणारा सेन्सर साफ आहे का ते तपासतो आणि पेट्रोलचा दाब मोजतो. पुष्कळदा दोष त्या स्वस्त नळीतच निघतो. स्कॅनर लक्षण सांगतो, रोग माणसालाच शोधावा लागतो.

असा कारागीर तयार कसा व्हावा? पहिली अट दहावीची. आयटीआयमधील 'मेकॅनिक मोटर व्हेईकल' हा दोन वर्षांचा आणि 'मेकॅनिक डिझेल' हा एक वर्षाचा अभ्यासक्रम दहावी उत्तीर्णांसाठी आहे. शाळा सोडवून मुलाला गॅरेजवर पाठवणारे पालक आजच्या थोड्या रोजासाठी त्याचा हा दरवाजा बंद करतात. आयटीआयनंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कारखान्यात किंवा सर्व्हिस सेंटरमध्ये विद्यावेतनासह काम शिकता येते.

जे आधीच गॅरेजमध्ये आहेत, त्यांनी मल्टिमीटर वापरणे, वायरिंगचा नकाशा वाचणे आणि व्होल्टेज, करंट, रेझिस्टन्स यांचा हिशेब पक्का करावा. हीच शिदोरी इलेक्ट्रिक गाड्यांसाठीही उपयोगी पडेल. मात्र त्यांतील नारिंगी केबलमध्ये जीवघेणा दाब असतो. प्रशिक्षणाशिवाय तिला हात लावू नये.

गॅरेजमालकांचीही जबाबदारी आहे. पोराला वर्षानुवर्षे पाने देण्यात आणि गाड्या धुण्यात अडकवून ठेवले, तर तो टिकणार नाही, आणि टिकला तरी शिकणार नाही. आठवड्यातून एक बिघाड त्याच्याकडून शोधून घ्यावा. उस्तादाचा अनुभव आणि पुस्तकी विद्या एका हातात आली, तरच रस्त्यावरचे छोटे गॅरेज कंपनीच्या सर्व्हिस सेंटरसमोर उभे राहील.