लहान उद्योगाचे भांडवल : येते कोठून, अडते कोठे?

दीघनिकायातील कूटदन्त सुत्तात भगवान बुद्धांनी महाविजित राजाची कथा सांगितली आहे. राज्यात लुटालूट माजली असताना राजाच्या मनात महायज्ञ आला. पुरोहिताने त्याला बजावले की, अशा वेळी नवा कर बसवणे अन्यायाचे होईल आणि केवळ शिक्षेने चोऱ्याही थांबणार नाहीत. उपाय वेगळाच आहे. शेती करणाऱ्याला बियाणे द्यावे, व्यापार करणाऱ्याला भांडवल द्यावे आणि राजसेवा करणाऱ्याला वेतन द्यावे. राजाने तसे केले आणि राज्यात स्वस्थता आली. होतकरू माणसाला भांडवल मिळवून देणे हे दयेचे नव्हे, तर राज्यव्यवस्थेचे काम आहे, असा या कथेचा अर्थ आम्ही घेतो. आजच्या भाषेत या कामाला विकास वित्त म्हणतात.

पैशाची वाट

बँक ठेवीदारांचा पैसा कर्जाऊ देते. ठेवी बहुधा थोड्या मुदतीच्या असतात, तर यंत्रसामग्रीचे कर्ज फिटायला पाच-सात वर्षे लागतात. त्यामुळे बँकांना दीर्घ मुदतीचा पैसा पुरवणारी संस्था लागते. ती बँकेला कर्ज देते आणि बँक उद्योजकाला. या व्यवस्थेस पुनर्वित्त म्हणतात. पैसा घाऊक संस्थेचा असला, तरी उद्योजकाने तो बुडवला तर नुकसान सामान्यतः बँकेला सोसावे लागते.

स्वतंत्र भारतात ही वाट आधी मोठ्या उद्योगांसाठी बांधली गेली. 1948 मध्ये भारतीय औद्योगिक वित्त महामंडळ स्थापन झाले. 1955 मध्ये जागतिक बँकेच्या पुढाकाराने आयसीआयसीआय ही संस्था उभी राहिली. लहान उद्योगांसाठी 1951 च्या कायद्याने राज्य वित्तीय महामंडळांची सोय झाली. मात्र त्यांच्यासाठी स्वतंत्र राष्ट्रीय बँक, म्हणजे सिडबी, 2 एप्रिल 1990 रोजी आली. सिडबीला परदेशी विकास बँकांकडूनही कर्जे मिळाली. 2015 मध्ये तिच्या छत्राखाली मुद्रा ही संस्था निघाली. ‘मुद्राचे कर्ज’ असे आपण म्हणतो. पण मुद्रा कर्जदाराला थेट पैसे देत नाही. कर्ज बँक देते आणि मुद्रा बँकेला पुनर्वित्त पुरवते.

सोलापूरचा धडा

सोलापूर हे गिरणगाव. 1949 मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी बंद पडली, तेव्हा जानेवारी 1950 मध्ये केंद्र सरकारने खास अध्यादेश काढून तिचा कारभार हाती घेतला. त्यावरचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि घटनेच्या अभ्यासकांना तो आजही शिकावा लागतो. पुढे गिरण्यांचे भोंगे थांबले. चादरी आणि टॉवेल विणणारे पूर्व भागातील यंत्रमाग मागे उरले. दहा-वीस मागांचा एखादा कारखाना बंद पडला, तर त्यासाठी कोणी अध्यादेश काढत नाही. लहान माणसाचा आधार एकच : वेळेवर मिळणारे, रास्त व्याजाचे कर्ज.

2020 च्या टाळेबंदीत हे लख्ख दिसले. जागतिक बँकेने भारतातील लहान उद्योगांसाठी 75 कोटी डॉलरचे कर्ज दिले. सुमारे 15 लाख उद्योगांपर्यंत पोहोचण्याचा त्यात हेतू होता. केंद्र सरकारनेही तातडीच्या कर्जांना हमी दिली. पण त्या हमी योजनेची अट पाहावी. 29 फेब्रुवारी 2020 रोजी ज्याचे कर्ज बँकेत बाकी होते, त्यालाच जादा कर्ज मिळणार होते. ज्याने सावकाराकडून उचल घेऊन शिवणयंत्रे मांडली होती, त्याचे नाव बँकेच्या वहीत नव्हते. संकटकाळी मदत त्या वहीच्या वाटेने आली आणि वहीबाहेरचा माणूस तिच्याही बाहेर राहिला.

अडते कोठे?

पैसा वरून निघतो आणि तारणापाशी अडतो. तारण म्हणजे घर, जमीन, दागिने. थोडक्यात, मागच्या पिढ्यांनी साठवलेली मालमत्ता. ज्या समाजाला शतकानुशतके मालमत्तेपासून दूर ठेवले गेले, ज्याच्या वाट्याला वतनाच्या नावाखाली वेठ आली, त्याच्या मुलाकडे तारण मागणे म्हणजे त्याच्या आजोबांवरील अन्यायाचा दंड नातवाकडून वसूल करणे होय. दोन मुलांचे कसब सारखे असूनही एकाला कर्ज मिळते आणि दुसऱ्याला मिळत नाही, याचे मूळ येथे आहे.

हा अडसर काढण्याचे काही प्रयत्न झाले आहेत आणि ते आपल्या लोकांना ठाऊक असले पाहिजेत. 2000 मध्ये केंद्र सरकार व सिडबी यांनी सूक्ष्म व लघु उद्योगांच्या कर्जांसाठी हमी निधी उभारला. 2010 मध्ये रिझर्व्ह बँकेने अशा उद्योगांच्या 10 लाखांपर्यंतच्या कर्जास तारण घेऊ नये, असे बँकांना बजावले. 1978 मध्ये स्थापन झालेल्या महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या बीजभांडवल योजनेत 75 टक्के रक्कम बँकेची, 20 टक्के महामंडळाची आणि 5 टक्के अर्जदाराची, अशी वाटणी ठरली. अनुसूचित जाती-जमातींच्या अर्जदाराचे कर्ज नाकारायचे असेल, तर तो निर्णय शाखेने नव्हे, वरच्या अधिकाऱ्याने कारणासह घ्यावा, असा रिझर्व्ह बँकेचा निर्देश आहे. खिडकीवरून तोंडी नकार मिळाला म्हणून घरी परतणाऱ्या तरुणाला हा निर्देश कोणी सांगितलेला नसतो.

कर्ज म्हणजे अनुदान नव्हे

याची दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडली पाहिजे. हमी असते ती बँकेच्या रकमेला. कर्जदाराची फेड त्यामुळे माफ होत नाही. सरकारी कर्ज फेडले नाही तरी चालते, असे सांगणारा माणूस आपला हितचिंतक नव्हे. थकलेल्या हप्त्याची नोंद राहते आणि पुढचे दार बंद होते. बुद्धांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची जी चार सुखे सांगितली, त्यांत ऋणमुक्तीचे सुख आहे. सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग करून एक उपभोगासाठी, दोन व्यवसायात आणि चौथा आपत्काळासाठी ठेवण्याचा उपदेश आहे. कर्ज घेणाऱ्याने हा हिशेब आधी मांडावा. लग्नकार्यात खर्च झालेले व्यवसायाचे कर्ज पुढच्या पिढीचेही भांडवल खाऊन टाकते.

आपले काम

रुपयाच्या प्रश्नावर 1923 मध्ये ग्रंथ लिहिणाऱ्या बाबासाहेबांनी 4 जानेवारी 1925 रोजी बहिष्कृत हितकारिणी सभेमार्फत याच सोलापुरात विद्यार्थी वसतिगृह उघडले. त्यांनी पहिले भांडवल दिले ते विद्येचे. आपली निवासी शाळा त्याच वाटेवरची आहे. त्या विद्येच्या बळावर बँकेत, लेखापरीक्षणात, शासकीय कार्यालयांत पोहोचलेल्या माजी विद्यार्थ्यांकडे आम्ही देणगीपेक्षा वेगळे काही मागतो.

व्यवसाय करू पाहणाऱ्या आपल्या मुलामुलींपाशी त्यांनी महिन्यातून एक दिवस बसावे. उद्यम नोंदणी विनाशुल्क होते, तेव्हा त्यासाठी दलालाला पैसे देऊ देऊ नयेत. जातीचा दाखला, यंत्राचे दरपत्रक, बँक खात्यातील वर्षभराची उलाढाल आणि साधा, खरा प्रकल्प अहवाल तयार करून घ्यावा. अर्जाची पोच घ्यायला शिकवावे. नकार आला तर लेखी कारण मागायला सोबत जावे. कर्ज मिळाल्यावर पहिले वर्षभर हप्त्यांची विचारपूस करावी. पालकांनीही मुलीच्या व्यवसायाचे खाते मुलीच्याच नावाने उघडावे आणि व्यवहार तिलाच करू द्यावा.

वरून निघालेला पैसा शेवटच्या माणसापर्यंत आपोआप पोहोचत नाही. मधल्या टप्प्यावर त्याची भाषा जाणणारा आपला माणूस उभा असावा लागतो. तो माणूस घडवणे हे शाळेचे काम. तेथे उभे राहणे हे शाळेतून बाहेर पडलेल्यांचे.