भुवया गोंदवून घेण्याआधी



14 एप्रिलच्या रक्तदान शिबिरात दरवर्षी मला काही तरुणांना परत पाठवावे लागते. हातावर नुकतेच अशोकचक्र गोंदवलेले असते आणि टॅटूनंतर 12 महिने रक्त घेत नाहीत. आता वस्तीतल्या मुली विचारतात, "ताई, पार्लरमध्ये भुवया कायमच्या करून घेऊ का?" त्यांनाही हाच नियम लागू. सारंगखेड्याच्या यात्रेत हातावर नाव गोंदवा की पार्लरमध्ये भुवया, काम एकच: सुईने कातडी टोचून आत रंग भरणे.

म्हणून आधी सुई बघा. दुसऱ्याच्या रक्ताचा डोळ्यांना न दिसणारा अंश सुईवर राहिला, तरी हिपॅटायटिस बी, सी किंवा एचआयव्हीची लागण होऊ शकते. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर निदान 7 दिवस टिकतो. सुई पुसून किंवा गरम पाण्यात बुडवून भागत नाही. नवी सीलबंद सुई तुमच्यासमोर उघडली पाहिजे. हातमोजे नवे हवेत. रंग तुमच्यापुरता वेगळ्या झाकणात काढलेला हवा. उरलेला परत बाटलीत ओतायचा नाही. यातले एक जरी चुकले, तर उठून या. पैसे आधी दिले असले तरी उठा.

मग स्वतःचे शरीर बघा. गरोदर असाल, अंगावर पाजत असाल, तर थांबा. कान टोचल्यावर किंवा जखम भरल्यावर गाठीसारखा वण उठला असेल, तर गोंदवू नका. मधुमेह, हृदयाच्या झडपेचा आजार, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा. भुवईवर पुरळ असेल, तर ते बरे होऊ द्या. रंगाची ॲलर्जी काही वर्षांनीही उठू शकते, आणि कातडीतला रंग धुऊन निघत नाही. लेझरने काढायचा तर अनेक खेपा आणि बराच खर्च. तरी पूर्ण जाईलच असे नाही. पेन्सिलीने काढलेली भुवई मात्र संध्याकाळी धुता येते.

गोंदवायचेच ठरवले, तर आधी हिपॅटायटिस बीच्या लसीचे 3 डोस पूर्ण करा. ते पूर्ण व्हायला 6 महिने लागतात. तेवढ्या काळात विचारही पक्का होतो.

सुईबद्दल शंका असताना गोंदवून झाले असेल, तर लाजू नका, लपवू नका. लगेच सरकारी दवाखान्यात दाखवा. एचआयव्ही रोखणारी औषधे 72 तासांच्या आत सुरू करावी लागतात. ती वेळ टळली असली, तरी तपासणी करा. एचआयव्हीची तपासणी 3 महिन्यांनी पुन्हा करा. ती मोफत असते आणि नाव गुप्त ठेवतात. हिपॅटायटिस बी आणि सीची तपासणी व उपचारही 2018 पासून राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत आहेत. एचआयव्हीविषयी माहितीसाठी 1097 हा मोफत क्रमांक आहे. जागा सुजली, पू आला, ताप आला, तर घरगुती लेप न लावता आरोग्य केंद्रात जा.

आणि गोंदवल्याची तारीख लिहून ठेवा. 12 महिने झाले की शिबिरात या, मी वाट बघेन.