आधी काम मांड, मग रजा माग

पोरी, तू फोनवर सब्बॅटिकल रजेच्या अर्जाचा नमुना मागितलास. देतो की, चार ओळींचा तर असतो. पण माझी सगळी नोकरी कॉलेजच्या ऑफिसात गेली आणि अर्जाच्या भाषेवरून कुणाची रजा अडलेली मला आठवत नाही. फाइल अडते ती मागे जोडलेल्या कागदांवर. तेव्हा आधी हे ऐक, मग लिहायला बस.

पहिलं म्हणजे, तू या रजेत बसतेस का? यूजीसीच्या २०१८च्या नियमावलीप्रमाणे ही रजा कायम, पूर्णवेळ शिक्षकालाच मिळते आणि तीही सहयोगी प्राध्यापक किंवा प्राध्यापक म्हणून सात वर्षं भरल्यावर. नोकरीची एकूण वर्षं इथं कुणी मोजत नाही. टेबलावरचा क्लार्क एवढंच विचारणार, "मॅडम, सहयोगी कधी झालात?" आणि गोम इथंच आहे. तुझं कॅसचं, म्हणजे पदोन्नती योजनेतलं, सहयोगीपदाचं प्लेसमेंट मागच्या तारखेपासून लागू झालं, आदेश मात्र हातात पडला कितीतरी महिन्यांनी. म्हणजे कागदावर दोन तारखा. लागू झाल्याची तारीख आदेशात, वेतननिश्चितीत आणि सेवापुस्तकात एकच आहे का, ते उद्याच ऑफिसात बसून बघ. तिन्हीकडे मेळ नसेल तर अर्ज देऊच नकोस, आधी नोंद दुरुस्त करून घे. त्रुटीचं पत्र एकदा लागलं की फाइल गठ्ठ्याच्या तळाशी जाते, आणि तिथून ती वर काढणं तुमच्या पीएचडीहून अवघड.

तुझ्या विभागातला तो नवा मुलगाही विचारत होता म्हणालीस. त्याची रजा वेगळी. त्याला सलग तीन वर्षं नोकरी झाल्यावर अध्ययन रजा मागता येईल, पण परत आल्यावर किमान तीन वर्षं सेवा करण्याचा बाँड द्यावा लागतो. दोघांचे अर्ज एकाच नमुन्यावर उतरवू नका. अध्ययन रजा घेऊन आलेल्याला पुढची पाच वर्षं सब्बॅटिकल मिळत नाही, हेही त्याच्या कानावर घाल.

पगाराची काळजी करू नकोस. रजेवर पगार बंद होतो असं स्टाफरूममध्ये बऱ्याच जणांना वाटतं, पण नियमात पूर्ण वेतन आणि भत्ते आहेत. वेतनवाढ ठरल्या तारखेला मिळते, आणि रजेनंतर पुन्हा रुजू झालीस की तो काळ पेन्शनलाही धरतात. एका वेळी जास्तीत जास्त एक वर्ष, सगळ्या नोकरीत मिळून दोन. त्या काळात दुसरीकडे नियमित नोकरी करायची नाही. फेलोशिप किंवा मानधनाचं काम परवानगीनं घेता येतं, पण मग पगार कमी करून रजा देण्याचा अधिकार मंजूर करणाऱ्यांना आहे. म्हणून मानधनाचं काही ठरलं असेल तर ते अर्जातच लिही. मागाहून कळलं तर ते लपवल्यासारखं दिसतं.

आता मुख्य गोष्ट. ही रजा हक्काची नाही, आणि अर्जासोबत वर्षभराच्या कामाचा आराखडा मंजुरीसाठी द्यावाच लागतो. 'संशोधन व लेखन करावयाचे आहे' एवढ्यावर भागवणारे महाभाग मी पुष्कळ पाहिले. प्राचार्यांनी त्यावर काय शिफारस लिहायची? तू पाटपाण्यावर काम करतेस, तर विषय तुझ्या दारात आहे. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगिळांनी गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष फायद्यांची पाहणी केली होती, तो अहवाल गोखले इन्स्टिट्यूटनं १९४८ साली छापला. हेच गाडगीळ पुढे लोणीच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले. म्हणजे कालव्याचं अर्थशास्त्र लिहिणारा माणूस त्याच पट्ट्यात ऊस गाळायला उभा राहिला. त्या पाहणीनंतर पाऊणशे वर्षं उलटली. आज देवळाली प्रवरेच्या आसपास तेच प्रश्न घेऊन फिरलं तर काय हाती लागतं, हे एका वर्षात होण्यासारखं काम आहे.

पण प्रवरेवरच्या ओझरच्या बंधाऱ्यापासून खालचा सगळा पट्टा अंगावर घेऊ नकोस. एक चारी धर, हेडची दोन गावं आणि टेलची दोन गावं. महिने गावाच्या कामाप्रमाणे लाव. जून ते ऑगस्ट पुण्याला, गोखले इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात. तिथलं परवानगीचं पत्र आधीच आणून जोड. गाळप सुरू होण्याआधी गावातल्या मुलाखती उरक, कारण तोड आली की शेतकरी टोळीच्या आणि ट्रॅक्टरच्या मागे असतो, तुझी प्रश्नावली कोण भरणार? गाळपाच्या महिन्यांत पाटबंधारेच्या कार्यालयातले पाणीमागणीचे आणि आवर्तनांचे कागद बघ. उन्हाळी आवर्तनात टेलच्या गावांना पुन्हा एक फेरी मार. पाणी पोचलं नसेल तेव्हा माणसं जे बोलतात, ते दिवाळीच्या फराळावर बोलत नाहीत. शेवटचे सहा-सात आठवडे फक्त लिखाणाला. असं लिहिलंस की आराखडा वाचणाऱ्याला तू कुठल्या महिन्यात कुठे असशील ते दिसतं.

वेळेचं म्हणशील तर पाणीमागणीचा सात नंबरचा फॉर्म डोळ्यासमोर ठेव. पाटाला पाणी सुटल्यावर फॉर्म भरायला धावणाऱ्याचं काय होतं, ते तुझ्या बाबांना विचार. पुढच्या जूनपासून रजा हवी तर अर्ज दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच दे, पुढच्या वर्षाचा वर्कलोड ठरायच्या आत. प्राचार्य पहिला प्रश्न तुझ्या संशोधनाचा विचारणार नाहीत, तुझे तास कोण घेणार हा विचारतील. त्याचं उत्तर खिशात ठेवून जा. कुठले पेपर विभागातले दोघं वाटून घेतील, किती तासांना सीएचबीचा, म्हणजे तासिका तत्त्वावरचा माणूस लागेल, याचा तक्ता करून विभागप्रमुखांची सही घे. नॅकची भेट त्याच वर्षी येत असेल तर एक वर्ष थांब. तेव्हा कुणी सोडणार नाही, आणि हट्ट धरलास तर पुढच्या वेळीही तो लक्षात ठेवतील.

अर्ज विभागप्रमुखांमार्फत प्राचार्यांकडे, तिथून संस्थेकडे. अनुदानित कॉलेज, पगार शासनाचा. तेव्हा पुण्याच्या सहसंचालक कार्यालयाला काय काय लागतं, ते आपल्या ऑफिसातून आधीच विचारून घे. प्रत्येक टप्प्यावर आवक क्रमांक आणि तारीख टाकलेली पोच घे. "दिला आहे, बघतील" यावर विसंबू नकोस. मंजुरीचा लेखी आदेश हाती येईपर्यंत पुण्यात खोली घेऊ नकोस आणि गावभर पेढेही वाटू नकोस.

निघण्याआधी चार्ज लेखी दे. परीक्षेचं काम, ग्रंथालयाची पुस्तकं, विभागाचं डेडस्टॉक रजिस्टर, एनएसएसचा हिशोब असेल तर तोही. तुझ्या नावावरचं कपाट वर्षभर कुलपात राहिलं की शिव्या ऑफिसला बसतात.

आणि नाहीच मिळाली रजा, तर सिमल्याच्या भारतीय उच्च अध्ययन संस्थेची असोसिएटशिप सध्या चालू आहे का ते बघ. ती असेल तर तीन वर्षांत दरवर्षी एकेक महिना तिथं राहून काम करता येतं. एका महिन्यासाठी सोडायला प्राचार्यांना तेवढं जड जात नाही.

परतल्यावर काय काम केलंस याचा अहवाल द्यावा लागतो. दर तीन महिन्यांनी एक पान लिहीत गेलीस तर शेवटी धावपळ होणार नाही. रजा संपेल त्याच्या दुसऱ्या दिवशी रुजू अहवाल द्यायचा. त्या दिवशी रविवार किंवा सुट्टी येते का, ते आत्ताच कॅलेंडरात बघ आणि अर्जात तारखा त्याप्रमाणे टाक.