बाजरीतील स्निग्धांश आणि पिठाचा टिकाऊपणा

जामनेर तालुक्यात कापूस हे प्रमुख पीक असल्याने बियांत तेल असते, हे येथील शेतकऱ्याला सरकीमुळे ठाऊकच आहे. भाकरीच्या धान्यातही तेल असते, याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अन्नघटक तक्त्यांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत स्निग्धांश सुमारे १.७ ग्रॅम, मक्यात ३.८ ग्रॅम, तर बाजरीत ५.४ ग्रॅम असतो. सातू या बाबतीत ज्वारीच्याच पंक्तीत बसतो.

या फरकाचे कारण दाण्याच्या रचनेत आहे. धान्यातील तेलाचा मोठा वाटा अंकुरात साठलेला असतो. बाजरीचा दाणा लहान, पण त्याच्या मानाने अंकुर मोठा. शिवाय या तेलात लिनोलेइक व ओलेइक या असंतृप्त मेदाम्लांचे प्रमाण अधिक असते. आहाराच्या दृष्टीने हा गुणच होय. परंतु हाच गुण पिठाच्या मुळावर येतो.

दाणा अखंड असेपर्यंत तेल आणि त्याचे विघटन करणारे लायपेज हे विकर एकमेकांपासून अलग राहतात. दळताना दोन्ही एकत्र येतात, तेलातून मेदाम्ले सुटी होतात, हवेतील प्राणवायू पुढचे काम करतो आणि काही दिवसांतच पीठ कडवट लागू लागते. ज्वारीचे पीठ त्या मानाने बरेच तग धरते. बाजरीचे दळण थोडे थोडे आणण्याची घरोघरची रीत म्हणूनच शास्त्रशुद्ध ठरते. शाळांच्या किंवा बचत गटांच्या स्वयंपाकासाठी एकदम पोतेभर पीठ दळून ठेवणे मात्र नुकसानीचे आहे. कडवट पीठ ज्वारीत मिसळून खपविणे हा तर उपाय नव्हेच.

दाणे सुमारे ९८ अंश सेल्सियस तापमानाच्या पाण्यात ३० सेकंद बुडवून लगेच निथळले व खडखडीत वाळविले, तर विकराची क्रिया बरीचशी थांबते आणि पीठ अधिक काळ टिकते. वाळविण्यात कसूर झाल्यास बुरशीचे भय असते, हे विसरून चालणार नाही. कोंडा व अंकुर काढून टाकल्यानेही पीठ टिकते. पण बाजरी ज्यासाठी खावयाची, ते लोह व तेल त्याबरोबर कमी होते.

स्निग्धांश जातीपरत्वे बदलतो. तथापि केवळ टक्केवारीवरून पीठ किती टिकेल हे सांगता येत नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, लायपेजची जनुके निकामी असलेल्या बाजरीच्या वाणांचे पीठ कमी खवट होते, असे आढळले. म्हणजे तेल कमी न करताही टिकाऊ पिठाचा वाण घडविता येईल. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात बाजरीच्या वाणांवर संशोधन होत आले आहे. धनशक्तीसारख्या वाणात लोहाकडे लक्ष दिले गेले. यापुढे वाण निवडताना उत्पादनाबरोबर पिठाचीही परीक्षा व्हावयास हवी. तोवर दळण चार-पाच दिवसांपुरतेच आणावे आणि साठा दाण्याचाच करावा.