तक्त्याची आखणी तक्त्यालाच विचारावी

वसईच्या तलाठी दप्तराशी ज्यांचा संबंध आला आहे, त्यांना गाव नमुना सात व बारा यांचा परिचय करून देण्याचे कारण नाही. नमुना सात हा अधिकार अभिलेख, तर नमुना बारा ही पिकांची नोंदवही. या कागदात दोन निरनिराळ्या गोष्टी असतात : रकान्यांची आखणी आणि त्यांत भरलेला मजकूर. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा वसई तालुक्यातील उताऱ्यांवरील जिल्ह्याचे नाव बदलले. आखणी बदलली नाही. २०२० साली मात्र उताऱ्याचा नमुनाच सुधारण्यात आला व त्यात गावाचा संकेतांक आला.

संगणकातील तक्त्यांसही हाच भेद लागू पडतो. आज्ञावली लिहिणारा पुष्कळदा ‘पाचवा रकाना क्षेत्राचा’ असे गृहीत धरून चालतो. मध्ये एक रकाना वाढला, की पाचव्या जागी दुसरेच काही येते आणि यंत्र निमूटपणे तेच क्षेत्र म्हणून छापते. हेलपाटे खातेदाराला पडतात.

तक्त्यांचे वर्णनही तक्त्यांतच ठेवावे व ते नेहमीच्याच भाषेत विचारता यावे, असा दंडक ई. एफ. कॉड यांनी १९८५ साली आपल्या नियमांत घातला. १९९२ च्या एसक्यूएल प्रमाणकात त्यासाठी ‘इन्फर्मेशन स्कीमा’ची योजना झाली. त्यातील ‘कॉलम्स’ या तक्त्यात प्रत्येक रकान्याची एक ओळ असते : नाव, क्रम, प्रकार, लांबी, तो रिकामा राहू शकतो की नाही. (ओरॅकल व एसक्यूलाइट यांची रीत वेगळी, तत्त्व तेच.) आज्ञावलीने प्रथम ही यादी मागवावी, रकाना क्रमाने न घेता नावाने घ्यावा आणि अपेक्षित नाव न आढळल्यास छपाई थांबवून तसे कळवावे. ज्या तक्त्यांवर आपला अधिकार नाही, ते यादीत दिसत नाहीत. म्हणून उत्तर रिकामे आले तर तक्ताच नाही असे समजू नये.

मात्र ही यादी प्रकार सांगते, अर्थ नव्हे. सुधारित उताऱ्यात शेतजमिनीचे क्षेत्र हेक्टर, आर व चौरस मीटरमध्ये, तर बिनशेतीचे आर व चौरस मीटरमध्ये असते. १.०५ हा आकडा हेक्टरचा मानल्यास १०,५०० चौरस मीटर होतात, आरचा मानल्यास केवळ १०५. वसई-विरार भागात भातखाचराला लागूनच इमारतीचा भूखंड असतो. तेव्हा क्षेत्राचे एकक तक्ता आखतानाच स्वतंत्र रकान्यात नोंदवून ठेवावे. ते मागाहून कोणतीही आज्ञावली शोधून देणार नाही.